शिंपजडित हस्तनिर्मित लेखणी : पारदर्शक रेझिनच्या ओतकामाचे तंत्र आणि तत्त्व

प्रस्तावना

शिंपल्याच्या जडावकामास मोठी परंपरा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातमध्ये लाखेच्या काळ्या लुकणात शिंपल्याच्या चकत्या बसवून पेट्या घडविल्या जात. जपानमधील ‘रादेन’ ही कला उरुशी रोगणावर आधारलेली असून विसाव्या शतकात ती फाउंटन पेनांवरही अवतरली. लेथवर एकेक पेन हाताने कातण्याचे काम पुण्यातही होते; ‘फॉस्फर’ ही येथील पेने त्यासाठी परिचित आहेत. अशा पेनावर शिंपला जडवावयाचा झाल्यास लाखेची जागा आज पारदर्शक कृत्रिम रेझिन घेते. हे रेझिन म्हणजे केवळ शोभेचे आवरण नसून जडावाचा खरा आधार आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

शिंपल्याची निवड

शिंपल्याची इंद्रधनुषी झळाळी रंगद्रव्यामुळे निर्माण होत नाही. सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या ॲरागोनाइटच्या पापुद्र्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून ती उद्भवते. असा मौक्तिक थर प्रत्येक शिंपल्यात नसतो. कोकणात विपुल मिळणाऱ्या तिसऱ्या आणि कालवे यांची कवचे त्यामुळे या कामास निरुपयोगी ठरतात. याउलट शिनाण्यांच्या आणि गोड्या पाण्यातील लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या शिंपल्याच्या आतील बाजूस हा थर असतो. स्वयंपाकघरातून टाकून दिलेले शिनाण्यांचे शिंपले स्वच्छ धुऊन वापरणे सर्वांत श्रेयस्कर. नॉटिलससह काही मृदुकाय प्राण्यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण मिळाले. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची फेररचना झाली असल्याने विकतचा शिंपला घेण्यापूर्वी त्याची जात आणि प्रचलित अनुसूची पडताळणे आवश्यक आहे.

वक्रपृष्ठाचा प्रश्न

शिंपला ठिसूळ व जवळजवळ सपाट, तर पेनाचे अंग गोल. ८ मिमी व्यासाच्या पितळी नळीवर ४ मिमी रुंदीचा सपाट तुकडा ठेवल्यास त्याच्या कडा नळीपासून सुमारे ०.५ मिमी वर राहतात. रुंदी २ मिमी केली की हे अंतर सुमारे ०.१३ मिमी उरते. रुंदी निम्मी केल्यास फट साधारणतः चतुर्थांश होते, हे त्यामागील गणित. म्हणून अरुंद तुकडे वापरावेत. नळी प्रथम घासून खरखरीत करावी. मौक्तिक थर अर्धपारदर्शक असल्याने नळीला काळा रंग दिल्यास झळाळी अधिक खुलते. उरलेल्या फटी भरण्याचे काम रेझिन करते.

ओतकाम

समुद्रकिनारी ओला शिंपला तेजस्वी दिसतो आणि वाळला की निस्तेज होतो. त्याच्या पृष्ठावरील सूक्ष्म ओरखड्यांत हवा असते तेव्हा प्रकाश विखुरतो. पाण्याने ते भरले की विखुरणे घटते. इपॉक्सी रेझिनचा अपवर्तनांक (सुमारे १.५ ते १.५७) पाण्यापेक्षा शिंपल्याच्या अधिक जवळचा असल्याने ही ओली झळाळी कायम टिकते.

मात्र त्यासाठी हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. साच्यातील मिश्रण दाबपात्रात चार पट वातावरणीय दाबाखाली ठेवल्यास बॉइलच्या नियमानुसार बुडबुड्याचे आकारमान चतुर्थांश होते. रेझिन घट्ट होईपर्यंत दाब कायम ठेवावा. तो आधी सोडल्यास बुडबुडे पुन्हा फुगतात. याकरिता योग्य क्षमतेचे प्रमाणित पात्रच घ्यावे, प्रेशर कुकर मुळीच वापरू नये. पुण्याच्या पावसाळ्यात आर्द्रता हाही मोठा अडथळा ठरतो. पॉलियुरेथेन रेझिनची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि ओतकाम फेसाळते. त्यामुळे त्या ऋतूत इपॉक्सी अधिक सोयीचे. तरीही शिंपला पूर्ण वाळलेला असावाच.

कातकाम आणि दक्षता

मऊ रेझिन व कठीण शिंपला एकाच वेळी कातू लागल्यास हत्यार अडकून तुकडे उडतात. म्हणून हत्यार शिंपल्यापर्यंत पोहोचू देऊ नये. ८ मिमी नळीवर अर्धा मिमी जाडीचे तुकडे बसविल्यास व्यास ९ मिमी होतो. अंतिम व्यास ११ मिमी ठेवला तर सर्व बाजूंनी १ मिमी रेझिनचे कवच उरते. त्यानंतर वॉटर पेपरने ओले घासकाम करीत क्रमाक्रमाने बारीक दर्जाकडे जावे.

शिंपल्याची भुकटी श्वसनमार्गास अपायकारक असल्याने तुकडेही ओलेच कापावेत व योग्य मास्क वापरावा. न सुकलेल्या इपॉक्सीच्या स्पर्शाने त्वचेस कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे आणि खेळती हवा अनिवार्य मानावी.

समारोप

एका पेनाच्या घडणीत प्रकाशाचे व्यतिकरण, वर्तुळाची भूमिती, वायूंचा नियम, बहुवारिकांचे रसायन आणि वन्यजीव कायदा एकत्र येतात. महाविद्यालयीन कौशल्य उपक्रमासाठी हा विषय म्हणूनच उपयुक्त आहे. मात्र शिंपल्याचा स्रोत व विद्यार्थ्यांची सुरक्षितता यांची निश्चिती झाल्यावरच तो हाती घ्यावा. वस्तू सुंदर झाली, एवढ्याने या दोन प्रश्नांचे उत्तर मिळत नाही.