दोन टीबीचं नाव, सोळा जीबीचा जीव

आदिलशाहीच्या काळात दाभोळ मोठं बंदर होतं. अरबस्तान-इराणकडचे घोडे इथे विकायला येत. त्या किनाऱ्यांवरून कोकणात आलेल्या नाण्यांपैकी एक म्हणजे लारी. चांदीची तार मधोमध दुमडायची आणि वर ठसा मारायचा, झालं नाणं. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही सतराव्या शतकात लारी पाडल्या. जुन्या लारींवर कित्येकदा छिन्नीची खाच दिसते. ठसा काय, कुणीही मारील. आत तांबं तर नाही ना, हे बघायला तार खाचण्यावाचून इलाज नव्हता.

आता दाभोळला कुरियरने पेनड्राइव्ह येतो. वर ठसा ‘२ टीबी’, किंमत पाच-सहाशे रुपये. संगणकाला लावला की संगणकही ‘२ टीबी’च म्हणतो, आणि गिऱ्हाईक निश्चिंत होतं.

फसवणुकीची खरी मेख इथेच आहे. संगणक जागा स्वतः मोजत नाही, पेनड्राइव्ह सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये आणि मेमरी कार्डात साठवणीच्या चिपखेरीज तिचा कारभार पाहणारी कंट्रोलर नावाची दुसरी चिप असते. तिच्यातला प्रोग्राम बदलला, की सोळा किंवा बत्तीस जीबीचा माल बेधडक दोन टीबीचा दाखला देतो. फॉरमॅट करूनही उपयोग नाही. दाखला देणारा प्रोग्राम तोच राहतो.

गंमत (ज्याचं नुकसान होतं त्याला ती वाटणार नाही) अशी, की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. शिमग्यातल्या पालखीचे व्हिडिओ भरा, उघडतात. नमन-जाखडीचे कार्यक्रम भरा, वाजतात. खरी जागा संपली की मात्र पुढचा मजकूर एकतर जुन्यावर लिहिला जातो किंवा सरळ हवेत जातो. तरीही ‘कॉपी पूर्ण’ असाच संदेश येतो. फाइलींच्या नावांची यादी सुरुवातीच्या शाबूत जागेत असते, म्हणून फोल्डरमध्ये नाव दिसतं, तारीख दिसते, आकारही दिसतो. फक्त फाइल उघडत नाही. तोवर मोबाइलमधलं मूळ चित्रण ‘जागा करायची’ म्हणून पुसलेलं असतं. पाचशे रुपये बुडाले याचं दुःख कुणी करत नाही. लग्नाचं चित्रण गेलं ते परत येत नाही.

हा उद्योग जगभर चालतो. २०२२ मध्ये एका अमेरिकी सुरक्षा संशोधकाने तीस टीबीची म्हणून विकली जाणारी स्वस्त एसएसडी मागवून फोडली. आत निघाली गोंदाने चिकटवलेली दोन मायक्रोएसडी कार्डं.

लारीला छिन्नी, तशी पेनड्राइव्हला काठोकाठ भरण्याची चाचणी. ‘सीटी’ या जर्मन संगणक मासिकाची एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाची फुकट आज्ञावली विंडोजवर चालते. ती एकेक जीबीच्या फाइली लिहीत सगळी जागा भरते, मग तेवढंच परत वाचून ताडून पाहते आणि किती टिकलं, किती हरवलं ते सांगते. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी एफ-थ्री आहे. पेनड्राइव्ह रिकामा असतानाच ही चाचणी घ्यावी. वेळ भरपूर लागतो: सेकंदाला तीस एमबीच्या वेगाने दोन टीबी लिहायलाच साडेअठरा तास, आणि कोकणातली वीज तेवढा वेळ टिकेल याची हमी कोण देणार? ज्याला एवढा धीर नाही त्याने व्हॅलिड्राइव्ह वापरावी. ती सगळीकडे विखुरलेल्या ५७६ जागी लिहून-वाचून थोडक्यात निकाल देते.

मात्र जागा थोडी कमी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे अस्सल ६४ जीबीचं कार्ड ५९ च्या आसपासच दिसतं आणि अस्सल दोन टीबीची डिस्क १.८१.

खरेदी करताना किंमत हीच पहिली खूण. नामांकित कंपनीची एक टीबीची एसएसडीही कित्येक हजारांना पडते. तिच्या दुप्पट जागा कुणी पाचशेला देत नाही. वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा क्रमांक कायद्याने छापावाच लागतो. ऑनलाइन घेताना संकेतस्थळाचं नाव पुरेसं नाही. ‘विक्रेता’ या ओळीत कोण आहे ते पाहावं. वस्तू परत करायची मुदत संपण्याआधी चाचणी उरकावी, आणि बिल, जाहिरातीचं पान, चाचणीचा निकाल यांची चित्रं मोबाइलमध्ये ठेवावीत.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, दाभोळकराला रत्नागिरीतच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवरील तक्रारीला शुल्क पडत नाही.