पाळीपूर्वीचे तीव्र मानसिक क्लेश : औषधोपचार सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यानंतर

महिन्यातील तीन आठवडे घर, शेती, नोकरी आणि मुलांचा अभ्यास समर्थपणे सांभाळणारी एखादी स्त्री मासिक पाळीच्या आठ-दहा दिवस आधी एकाएकी खचून जाते. क्षुल्लक कारणावरून संताप अनावर होतो, डोळ्यांतले पाणी थांबत नाही, आपण कुणालाच नकोत असे वाटू लागते. काहींच्या मनात तर जीवन संपविण्याचे विचार येतात. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत हे मळभ ओसरते आणि मागे उरते ती केवळ शरम. घरातील माणसे 'हिचा स्वभावच तापट' असे म्हणून मोकळी होतात आणि तीही 'माझीच प्रार्थना कमी पडते' असे म्हणत स्वतःला दोष देत राहते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपल्या भगिनी याला अपवाद नाहीत. हा स्वभावदोष नसून उपचार होऊ शकणारा आजार आहे आणि त्यावरील औषध योग्य रीतीने सुरू केल्यास अनेकींना लवकर आराम पडतो, ही माहिती प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचावी यासाठी हा लेखनप्रपंच.

आजाराची ओळख

पाळीपूर्वी थोडी चिडचिड, अंग जड वाटणे, पोट फुगणे, स्तन दुखणे हा बहुसंख्य स्त्रियांचा अनुभव असतो. त्यासाठी औषधाची गरज सहसा भासत नाही. परंतु शंभरातील साधारण तीन ते आठ स्त्रियांमध्ये मानसिक लक्षणे इतकी तीव्र होतात की काम, संसार आणि नातेसंबंध कोलमडू लागतात. यालाच वैद्यकशास्त्रात 'प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर' अर्थात पी.एम.डी.डी. असे म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याचा समावेश आहे.

निदानासाठी अकरा लक्षणे सांगितली आहेत व त्यांपैकी किमान पाच असावी लागतात. मनाची झपाट्याने होणारी उलथापालथ, तीव्र चीड वा संताप, उदासी व निराशा आणि अस्वस्थता व ताण या चारपैकी निदान एक लक्षण असणे अत्यावश्यक आहे. उर्वरित लक्षणांत कामातील रस जाणे, एकाग्रता न होणे, थकवा, भूक वा झोप बिघडणे, आपला स्वतःवर ताबा उरला नाही असे वाटणे आणि शारीरिक त्रास यांचा समावेश होतो. मात्र, सर्वांत महत्त्वाची खूण आहे ती वेळेची. लक्षणे पाळीच्या आधी येतात, पाळी आल्यावर काही दिवसांत ओसरतात आणि त्यानंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी होतात.

हे का घडते?

या स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण बिघडलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. पीटर श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वपूर्ण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी औषधाने स्त्रियांच्या बीजांडकोशांचे कार्य तात्पुरते थांबवून नंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके नेहमीच्या प्रमाणात दिली. ज्यांना पूर्वी त्रास होता, त्यांच्यापैकी ज्या हे कार्य थांबल्यावर बऱ्या झाल्या होत्या त्यांची लक्षणे परतली; ज्यांना त्रास नव्हता त्यांना काहीच झाले नाही. संप्रेरके दोघींत सारखीच होती. फरक होता तो मेंदू त्यांना देत असलेल्या प्रतिसादात. संप्रेरकांच्या चढउताराला या स्त्रियांचा मेंदू अधिक संवेदनशील असतो आणि मनःस्थिती समतोल राखणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच संप्रेरकांची रक्ततपासणी केल्यास अहवाल बहुधा निर्दोष येतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुला काही झालेले नाही' असे म्हणणे त्यामुळेच अन्यायाचे ठरते.

आधी नोंदवही

औषध सुरू करण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणजे किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद. आपल्या समाजात विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांतून नैसर्गिक कुटुंबनियोजनाची माहिती दिली जाते. त्यामुळे पाळीच्या तारखा व शरीरातील बदल वहीत लिहिण्याची सवय अनेक भगिनींना असतेच. त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा. रोज रात्री त्या दिवशीची उदासी, राग, चिंता, झोप व थकवा यांना एक ते सहापैकी गुण द्यावेत. स्मरणावर विसंबून चालत नाही, कारण वाईट दिवसांची आठवण साऱ्या महिन्यावर पसरते.

दोन महिन्यांनी ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की बरेच काही स्पष्ट होते. लक्षणे महिनाभर असून पाळीपूर्वी केवळ वाढत असतील, तर मूळ आजार नैराश्याचा वा चिंतेचा असू शकतो व उपचाराची आखणी बदलते. थायरॉईडचे विकार व रक्तक्षय यांचीही तपासणी करून घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे येणारा थकवा मानसिक लक्षण समजला जाण्याचा संभव असतो. मात्र जिच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, तिने दोन महिने थांबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

औषध आणि त्याचे कार्य

या आजारावर प्रथम पसंतीची औषधे म्हणून ज्यांचा वापर होतो ती मेंदूतील सेरोटोनिनची उपलब्धता वाढविणारी नैराश्यरोधक औषधे होत. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम ही त्यांतील परिचित नावे. १९९५ साली कॅनडातील संशोधकांनी फ्लुओक्सेटीनचा उपयोग मोठ्या चाचणीद्वारे दाखवून दिला आणि २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी त्यास मान्यता दिली. फ्लुओक्सेटीन व एस्सिटालोप्राम या दोन्ही गोळ्या भारत सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्या महागड्या नाहीत. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या घेऊ नयेत.

नैराश्याच्या आजारात या औषधांचा गुण दिसण्यास अनेक आठवडे लागतात. पाळीपूर्वीच्या त्रासात मात्र तो काही दिवसांतच जाणवू शकतो. म्हणून औषध घेण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत गोळी रोज घेतात. दुसरीत ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण चौदा दिवस आधी सुरू करून पाळी आल्यावर बंद करतात. उपलब्ध चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासावरून रोज घेण्याची पद्धत बहुधा अधिक गुणकारी असल्याचे दिसते. दुसऱ्या पद्धतीत एकूण गोळ्या कमी लागतात. पाळी अनियमित असेल किंवा इतर दिवसांतही उदासी राहत असेल, तर रोजची पद्धत सोयीची. कोणती निवडावी हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

पहिले काही आठवडे

पुष्कळशा भगिनी औषध सोडून देतात ते पहिल्या पंधरवड्यात. मळमळ, डोकेदुखी, तोंडाला कोरड, घाम, झोप न येणे वा जास्त येणे हे त्रास आरंभी होऊ शकतात. यांतील बरेच एक-दोन आठवड्यांत कमी होतात. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी; झोप उडत असल्यास सकाळी घ्यावी. लैंगिक इच्छा कमी होणे हा परिणाम मात्र टिकून राहू शकतो. त्याविषयी संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते.

काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगणे अगत्याचे आहे. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला अतिउत्साहाचे झटके येणारा, अर्थात बायपोलर, आजार असल्यास ही औषधे बेताने वापरावी लागतात. गर्भधारणेचा विचार असल्यास किंवा बाळ अंगावर पीत असल्यास औषधाची निवड वेगळी होते. पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनामिक ॲसिड वा आयबुप्रोफेन वारंवार घेत असाल तर तेही सांगावे, कारण दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक व अर्धशिशीवरील काही गोळ्यांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. पंचवीस वर्षांखालील तरुणींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता वा आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

रोज औषध घेणाऱ्यांनी बरे वाटले म्हणून ते एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास चक्कर, बेचैनी, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

गैरसमजांची किंमत

'या झोपेच्या गोळ्या आहेत', 'एकदा लागल्या की सुटत नाहीत' अशी भीती सर्वत्र आढळते. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांची नशा होत नाही आणि मात्रा वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. एकाएकी थांबविल्यावर होणारा त्रास हा व्यसनापेक्षा निराळा होय.

याहून गंभीर गैरसमज गर्भाशयाविषयीचा आहे. गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार कुटुंबे आपल्या परिसरातील साखर कारखान्यांच्या उसाच्या फडांवर येतात. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली; त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे दारिद्र्य, मजुरी बुडण्याची भीती आणि पाळीच्या तक्रारी अशी अनेक कारणे होती. पाळीपूर्वीच्या मानसिक क्लेशांपुरते बोलायचे तर केवळ गर्भाशय काढून ते थांबत नाहीत. बीजांडकोश शरीरात असेपर्यंत संप्रेरकांचे चक्र चालूच राहते. पाळी दिसेनाशी होते, क्लेश मात्र उरतात.

संप्रेरकांच्या गोळ्या आणि ख्रिस्तसभेची शिकवण

नैराश्यरोधक औषधाचा उपयोग न झाल्यास डॉक्टर काही वेळा ड्रॉस्पिरेनोन असलेली संप्रेरकांची गोळी सुचवितात. तीच गोळी गर्भनिरोधनासाठीही वापरली जात असल्याने श्रद्धावंत दांपत्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. संत पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली प्रसृत केलेल्या 'ह्युमाने विते' या परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात आजार बरा करण्यासाठी खरोखर आवश्यक असलेल्या उपचारास मुभा आहे. त्याचा परिणाम म्हणून गर्भधारणा टळणार असली तरीही, मात्र गर्भधारणा टाळणे हा त्यामागील हेतू नसावा. या गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोका काहींना संभवतो, त्यामुळे तपासणीशिवाय ती घेऊ नये. नैराश्यरोधक औषधांविषयी तर असा प्रश्नच उद्भवत नाही.

कोठे जावे?

या उपचारासाठी पुणे गाठलेच पाहिजे असे नाही. बारामती येथे २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इंदापूर व परिसरातील भगिनींनी प्रथम जवळच्या शासकीय रुग्णालयात वा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन मनोविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलिमानस' या केंद्र सरकारच्या सेवेत १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते; मराठीतूनही संवाद साधता येतो. 'गावात कळेल' ही धास्ती अनेकींना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिलेला आहे.

कुटुंबाची आणि धर्मग्रामाची जबाबदारी

पतीने व सासूबाईंनी वहीतील तारखा जाणून घ्याव्यात. त्या दिवसांत घरातील मोठे निर्णय व वादाचे विषय बाजूला ठेवावेत, कामाचा भार वाटून घ्यावा, गोळीची आठवण करावी. पण प्रत्येक रागावर 'आज गोळी घेतली नाहीस का?' असे टोमणे मारू नयेत. त्या दिवसांतही तिचे म्हणणे खरे असू शकते, हे विसरता कामा नये.

दर महिन्याला प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी त्याच संतापाबद्दल अश्रू ढाळणाऱ्या भगिनीलाही दिलासा मिळायला हवा. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा १७३५ वा परिच्छेद सांगतो, की मानसिक कारणांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते. बेनसिराच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास आणि औषधाचा अव्हेर न करण्यास शिकवितो. प्रार्थना आणि गोळी यांत निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच घरात नांदू शकतात.

तेव्हा भगिनींनो, आज रात्रीच एका वहीत आजची तारीख लिहा आणि तिच्यापुढे दिवस कसा गेला त्याचे गुण मांडा. दोन महिन्यांनी ती वही सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि बंधूंनो, त्या दिवशी तिच्यासोबत आपणही जा.