कोलेस्टेरॉलला लागलेली हवा

दिवाळीच्या खरेदीत लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे ठळक छापलेले दिसते. करडई-सोयाबीनच्या तेलात ते जवळपास नसतेच. ते तूप, अंडी, मांस अशा प्राणिज पदार्थांतले. मग फुशारकी कसली? खरा प्रश्न त्या कोलेस्टेरॉलला हवा आणि आच किती लागली, हाही आहे.

1913 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारले. त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. तेव्हापासून कोलेस्टेरॉल आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. 1976 मध्ये अमेरिकेत इमाई, टेलर आदी संशोधकांनी मात्र जुन्या, हवा लागलेल्या कोलेस्टेरॉलमधली भेसळ वेगळी काढून सशांना दिली. धमनीच्या पेशी मेल्या त्या या भेसळीने, शुद्ध कोलेस्टेरॉलने नव्हे. ही भेसळ म्हणजे ऑक्सिजनशी संयोग झालेले कोलेस्टेरॉल, ऑक्सिस्टेरॉल.

ऑक्सिस्टेरॉल सरसकट विष नाही. पित्ताम्ले तयार करताना यकृत स्वतःच असे रेणू बनवते. पण ७-कीटोकोलेस्टेरॉलसारखे काही रेणू पेशींना मारक ठरतात. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएल कणांचेही ऑक्सिडीकरण होते. भक्षक पेशी ते गिळत राहतात, चरबीने फुगतात आणि तिथेच साचतात. धमनीतल्या थराची सुरुवात ही अशी.

आपल्या घराशी याचा संबंध 1987 मध्ये जोडला गेला. लंडन व वेस्ट इंडीजमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत हृदयविकार नेहमीच्या कारणांनी उलगडत नव्हता. मार्क जेकबसन यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की त्यांनी तपासलेल्या तुपातल्या स्टेरॉलपैकी 12.3 टक्के ऑक्सिडीकरण झालेले होते. ताज्या लोण्यात ते आढळले नाही. पण ही शक्यता होती, निकाल नव्हे. मंद आचेवरचे ताजे लोणकढे तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तूप यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. आजी खवट तूप नाकाने ओळखायची, पण ऑक्सिस्टेरॉल नाकाला कळतीलच असे नाही.

उन्हात वाळवलेल्या मांसातही ते तयार होतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाची नोंद आहे. त्या जेवणात 'चान्या', म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, होत्या. ज्या घरात मांस रोज मिळत नव्हते आणि मिळालेले टिकवायला दुसरे साधन नव्हते, तिथे ते उन्हावर टाकले जाई.