जोर मागताच दम सोडणारे इंजिन



स्मृतिव्याख्यानासाठी मोटारीच्या इंजिनातील एका दोषाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी पदार्थविज्ञानाचा तास बहुधा सायकलच्या पंपापासूनच सुरू करीत. त्यांना हा विषय परका वाटला नसता.

हकीकत 1996 सालची. गोव्याहून बेळगावला परतताना मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढत होतो. गाडी मारुती 800, कार्बुरेटरची. आत घरची चार माणसे. पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता. रस्ता मोकळा पाहून त्याला ओलांडण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला. गाडी उचलली, आणि पाच-सहा सेकंदांनी, ऐन ट्रकच्या बगलेत असताना, तिने दम सोडला. तेवढ्यात वळणावरून बस आली. ब्रेक दाबून कसाबसा ट्रकच्या मागे आलो. पाय सैल केला तशी गाडी पुन्हा सुरळीत, जणू काही घडलेच नव्हते.

बेळगावच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. जागेवर उभी असताना इंजिन उत्तम चालले. प्लग बदलले गेले, दुसऱ्या खेपेस कॉइल, तिसऱ्या खेपेस कार्बुरेटर खोलून धुतला. पैसे गेले, दोष राहिला. मिस्त्री लबाड नव्हता. तो दोष जेथे प्रकटच होत नाही तेथे त्याला शोधीत होता.

हे नीट समजण्यासाठी थोडा हिशेब करू. या इंजिनाच्या तीन सिलिंडरांचे एकूण आकारमान 796 घनसेंटिमीटर. दर दोन फेऱ्यांत ते तेवढी हवा आत घेऊ शकते. मिनिटाला 5000 फेऱ्या आणि पूर्ण जोर असता, सिलिंडर पुरते भरत नाहीत हे धरूनही, मिनिटाला दीड हजार लिटरांहून अधिक हवा लागते. एक भाग पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. पूर्ण जोरात मिश्रण याहून थोडे दाट असते. म्हणजे मिनिटाला सुमारे 200 घनसेंटिमीटर, दोन कप पेट्रोल हवे. उभ्या गाडीत मंद चालणाऱ्या इंजिनाला मिनिटाला मोठा चमचाभर पुरते. चमचाभर पुरवणारी वाट दोन कप पुरवीलच, असे कसे म्हणावे? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन गरजवले तरी हा प्रश्न सुटत नाही. तेव्हा इंजिनाला केवळ स्वतःचे घर्षण जिंकायचे असते. परीक्षा चढावरच घ्यावी लागते.

प्रथम क्लच पाहावा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर इंजिन निर्दोष असून क्लच घसरतो आहे. आमच्या गाडीत आवाजही खाली बसत होता.

मग ठिणगी की पेट्रोल? येथे वेळ महत्त्वाची. पाय दाबताच सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते, ठिणगीच्या क्षणी तेथील दाब वाढतो, आणि दाट वायूतून ठिणगी पाडण्यास अधिक व्होल्टेज लागते. दाब, अंतर आणि व्होल्टेज यांचा हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ पाशेन यांनी 1889 मध्ये मांडला. म्हणून दुबळी कॉइल, तडकलेली वायर किंवा रुंदावलेली प्लगची फट पाय दाबता क्षणीच झटके देते. अंधारात बॉनेट उघडले तर अशा वायरीवर निळसर ठिणग्या कधी कधी दिसतात. पेट्रोलची उपासमार मात्र उशिरा कळते. कार्बुरेटरमधील फ्लोटच्या छोट्या टाकीत काही सेकंदांची शिल्लक असते. ती संपली की दम जातो, आणि पाय सैल केला की टाकी पुन्हा भरते. आमचे पाच-सहा सेकंद हेच सांगत होते. ते ऐकायला कोणी विचारले नव्हते, आणि मीही सांगितले नव्हते.

पुढे एका वृद्ध मिस्त्रींनी नेमके तेवढेच विचारले. पेट्रोलच्या टाकीचे झाकण त्यांनी आधी उघडून पाहिले. हवा आत जाण्याची वाट बुजली असेल तर तेथे फुस्स आवाज येतो. तो आला नाही. मग पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवून ते चढावर घेऊन गेले, आणि गाडी धापा टाकू लागताच कडेला घेऊन इंजिन बंद केले. फिल्टर जवळजवळ रिकामा होता. टाकीपासून येणारी रबरी नळी एका जोडापाशी तडकली होती. तेथून पेट्रोल गळत नव्हते, कारण त्या बाजूस पंप ओढतो, ढकलत नाही. ओढ वाढली की तडीतून हवाच आत येई. वीतभर नळी बदलली आणि काम झाले.

इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा विजेचा पंप टाकीतच असतो व तो पेट्रोल ढकलतो, म्हणून तडकलेली नळी तेथे गळते. तेथे दाबमापक लावून गाडी जोरात असताना दाब टिकतो का, हे पाहावे. संगणकाचा स्कॅनर मिश्रण पातळ झाल्याचे सांगेल, पण पंप थकला की फिल्टर तुंबला, हे बहुधा त्यावरून कळत नाही.

धूर बाहेर जाण्याची वाट तुंबली, विशेषतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तरी जोर जातो. पण तो सहसा आठवड्यांगणिक हळूहळू. यासाठी निर्वातमापक उपयोगी. इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर धरले असता काटा हळूहळू उतरत गेला, तर संशय बळावतो. मात्र पुस्तकांत मंद इंजिनासाठी दिलेले 18 ते 21 इंच पारा हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. दर हजार फुटांस सुमारे एक इंच वजा करावा लागतो, आणि आपले बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. पणजीत जो काटा दुखणे दाखवील, तो येथे निरोगी इंजिनाचा असू शकतो.