आजीचा हात, नातवाचा हात

आमच्या घरात एकाच हंगामात दोन हात मोडले. सोयाबीनची सोंगणी चालू असताना आत्या ओल्या बांधावरून घसरली आणि तळहात टेकून पडली. पुढच्या पंधरवड्यात तिचा आठ वर्षांचा नातू कडुनिंबावरून खाली आला. आत्याचं मनगट मोडलं, तर पोराची कोपर आणि मनगट यांच्या मधली दोन्ही हाडं. दुसरबीडहून जालन्याला दोघांना नेणं-आणणं माझ्याकडे आलं. त्यामुळे हाड जुळण्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळून पाहायला मिळालं, तेही म्हातारं आणि कोवळं अशी दोन्ही हाडं शेजारी ठेवून.

दोघांचे एक्स-रे एकाच काचेवर लावले तेव्हा मी चमकलो. पोराच्या हाताचं मोडलेलं ठिकाण तर दिसत होतंच, पण मनगटाजवळही हाडाला आडवी काळी फट होती. इथेही मोडलंय का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ती भेग नाही. हाड वाढतं ते तिथूनच." ती फट म्हणजे कूर्चेची पट्टी, म्हणजेच वाढपट्टी. कूर्चेत चुना नसतो, म्हणून एक्स-रेमध्ये ती काळी दिसते. या पट्टीत पेशींच्या रांगा वाढत जातात. मागच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची तीन-चतुर्थांश लांबी मनगटाजवळच्या या एका पट्टीतून येते. वयाच्या 16 ते 19 वर्षांच्या दरम्यान ती भरून निघते, मुलींमध्ये थोडी आधी. मग त्या हाडाची लांबी वाढणं थांबतं. मनगटात 8 लहान हाडं असतात, पण पोराच्या फोटोत ती सगळी उमटलेली नव्हती, कारण काही अजून कूर्चाच होती. कोर्टाच्या कामात वयाचा अंदाज घेण्यासाठी हाताचा एक्स-रे काढतात, तो याच आधारावर.

ही वाढपट्टी आपण घरातही पाहतो, फक्त ओळखत नाही. कोवळ्या बोकडाचं मटण शिजवलं की नळीच्या टोकाचा गोळा आपसूक सुटून येतो. जून बोकडाचा तसा सुटत नाही, कारण तिथली कूर्चा हाड होऊन गेलेली असते. खाटकाने आडवी तोडलेली नळी नीट पाहिली तर रचनाही कळते. मधल्या भागात बाहेरून घट्ट, गुळगुळीत भिंत आणि आत मगज. टोकाशी भिंत पातळ आणि आत सच्छिद्र जाळी. हाडाच्या वजनातला सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा असतो, उरलेला मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा. खनिजामुळे हाड दाब सहन करतं आणि कोलॅजनमुळे ते थोडं लवतं. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं तर खनिज विरघळतं आणि हाड वाकवता येतं. तेच जाळलं तर कोलॅजन जातं आणि उरलेलं बोटांत चुरतं.

आत्याचं हाड सरकलं होतं. बधिर करून एकाने कोपराच्या वर धरलं, डॉक्टरांनी अंगठा आणि बोटं ओढली आणि मनगट दाबून हाड जागेवर बसवलं. बादलीत प्लास्टरची पट्टी बुडवली की बुडबुडे येतात. ते थांबले की पट्टी हलकी पिळून हातावर बसवतात. "गरम लागतंय," आत्या म्हणाली. ते खरं होतं. प्लास्टर पाण्याशी एकजीव होऊन घट्ट होताना उष्णता सोडतं. सूज वाढायची असते म्हणून आधी कच्चं प्लास्टर, सूज उतरल्यावर पक्कं. पट्टीत प्लास्टर भरून ठेवायची ही पद्धत 1851 साली अँटोनियस मॅथेसन या डच लष्करी डॉक्टरने आणली. त्याच्या कित्येक शतकं आधी सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार सांगितले आहेत. हाड सांधायला बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट वेळ लागतो, असंही त्यात आहे.

प्लास्टर हाड जोडत नाही, ते फक्त टोकं हलू देत नाही. जोडायचं काम आत चालतं. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळतं. त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत कूर्चा आणि तंतूंचा मऊ सांधा तयार होतो आणि मग त्यात चुना भरत जातो. पोराच्या फोटोत मोडलेल्या जागेभोवती आधी धूसर सावली आली, नंतर पांढरा फुगवटा. पक्कं प्लास्टर काढलं तेव्हा हातावर बोट फिरवलं की जाड गाठ लागायची आणि हाड किंचित वाकलेलंही दिसायचं. त्याची आई घाबरली. डॉक्टरांनी काही केलं नाही, थांबायला सांगितलं. पुढच्या सोंगणीपर्यंत गाठ जवळपास विरली होती आणि वाकही कमी झाला होता.

हे कसं घडतं? हाडात दोन तऱ्हेच्या पेशी कायम कामाला असतात. एका जातीची पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडते आणि जुनं हाड उकरते. तिच्या मागून येणाऱ्या पेशी त्या खळग्यात कोलॅजन अंथरतात आणि त्यावर खनिज बसतं. उकरायला काही आठवडे लागतात, भरायला तीन-चार महिने. न मोडलेल्या हाडातही हे चालूच असतं. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला सुमारे 10 टक्के भाग दरवर्षी नवा होतो. कुठे उकरायचं आणि कुठे भरायचं, हे हाडावर पडणारा भार ठरवतो. बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये हे मांडलं. हाडाच्या टोकातली जाळी भाराच्या दिशेने रचलेली असते, छपराखालच्या वाशांसारखी. जिथे भार पडत नाही, तिथलं हाड कमी होतं. अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं, तेही याच कारणाने.

आत्याचं प्रकरण वेगळं होतं. तिचं हाड जुळलं, भेगेची रेषा पुसट झाली, पण नव्या फोटोत मनगटाचं हाड पहिल्यापेक्षा विरळ दिसत होतं. काही आठवडे प्लास्टरमध्ये हात पडून राहिला, त्याचा तो परिणाम. "जुळलं ना हाड? मंग आता कायले फोटो काढता?" ती विचारायची. डॉक्टरांचं म्हणणं एकच, "आजी, बोटं हलवत राहा." चेंडू दाबणं, मूठ मिटणं-उघडणं, मग कणीक मळणं, मग भाकरी थापणं, या क्रमाने हात परत कामाला लागला.

तिच्या हाडाच्या विरळपणाचं मूळ मात्र जुनं आहे. साधारण तिशीपर्यंत हाडाची भर पडते, पुढे उकरणं हळूहळू भरण्यावर मात करतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पहिली काही वर्षं ही झीज झपाट्याने होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चर्चेत हाडांचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. ऐन तिशीत गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एकदम घटतं, त्या बाईची हाडं त्याच दिवसापासून म्हातारी व्हायला लागतात आणि त्याच हाडांवर तिला मोळ्या उचलाव्या लागतात. हे तिला शस्त्रक्रियेआधी कोणी तरी सांगायला हवं.

शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत असतं, प्रौढ माणसात सुमारे किलोभर. रक्ताला कमी पडलं की ते तिथून काढलं जातं. म्हणून घरातल्या मुलीच्या ताटाकडे दहाव्या वर्षापासून नीट बघा. दूध, दही, तीळ, डाळ तिला भावाइतकंच मिळालं पाहिजे, उन्हात खेळायला आणि धावायलाही मिळालं पाहिजे. पन्नाशीपुढची बाई साध्या पडण्याने मनगट मोडून घेते तेव्हा वय झालं म्हणून सोडून देऊ नका. हाडांची घनता तपासायला सांगा आणि उपचार सुरू करा. मनगट मोडतं ते पुष्कळदा खुबा मोडण्याच्या काही वर्षं आधी, आणि मधली ती वर्षंच उपचाराची असतात.