बावीस टक्के, पण कशाचे?

जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र हा सगळा पट्टा सुमारे २७,००० चौरस किलोमीटरचा. पुणे आणि नाशिक हे दोन जिल्हे मिळून याहून जास्त भरतात. त्यातले सुमारे ६,०२० चौरस किलोमीटर, म्हणजे २२ टक्के, पॅलेस्टिनी नेतृत्व आपल्या राष्ट्रासाठी मागते. वेस्ट बँक ५,६५५ आणि गाझा ३६५ अशी त्याची फोड. १९४९च्या शस्त्रसंधीनंतर उरलेले ७८ टक्के इस्रायलकडे होते. १९८८मध्ये अल्जीयर्सला राष्ट्राची घोषणा करताना आपण त्या ७८ टक्क्यांवर पाणी सोडले, आता २२मधून आणखी किती कापणार, असा पॅलेस्टिनींचा हिशेब आहे.

इस्रायलमधल्या उजव्या विचाराच्या मंडळींकडेही असाच एक जुना आकडा आहे, २३ टक्के. ब्रिटिशांकडे कारभारासाठी सोपवलेल्या मूळ मॅन्डेट प्रदेशात आजचे जॉर्डनही येत होते. ज्यूंच्या ‘राष्ट्रीय घरा’च्या तरतुदीतून १९२२मध्ये नदीपलीकडचा भाग वगळला गेला. त्यामुळे ७७ टक्के तेव्हाच हातचे गेले, असे ते सांगतात. दोन्हीकडची तक्रार जवळपास एकाच आकड्याची आहे आणि दोन्ही भागाकार बरोबर आहेत. फरक आहे तो छेदात.

जमिनीच्या मालकीचा आकडा घेऊ. तिथे जमीन दुनममध्ये मोजतात. एक दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपल्याकडचे जवळपास १० गुंठे. ब्रिटिश सरकारच्या १९४५च्या गावनिहाय तक्त्यात २ कोटी ६३ लाख दुनमांची नोंद आहे. ज्यूंच्या रकान्यात सुमारे १५ लाख, म्हणजे ५.७ टक्के. अरबांच्या रकान्यात ४८ टक्क्यांच्या आसपास. उरलेले सुमारे ४६ टक्के ‘सार्वजनिक’. पॅलेस्टिनी बाजू पहिला रकाना दाखवते, इस्रायली बाजू तिसरा.

तिसरा रकाना गावागणिक वाचला की बेरशेबा हे नाव पुढे येते. नेगेव्हच्या वाळवंटातला हा एकच तालुका १ कोटी २५ लाख दुनमांचा, अख्ख्या पॅलेस्टाईनच्या ४८ टक्के. त्यातली ८५ टक्के जमीन सार्वजनिक. हा तालुका बाजूला काढला तर उरलेल्या भागात ज्यूंचा वाटा १० टक्क्यांवर जातो, अरबांचा पाऊण हिश्श्याहून वर, आणि सार्वजनिक जमीन नवव्या-दहाव्या हिश्श्यावर येते. मोकळी सरकारी जमीन होती ती मुख्यतः वाळवंटात.

लोकसंख्येचे गणित वेगळे पळत होते. १९२२च्या जनगणनेत ज्यू ११ टक्के, १९३१मध्ये १७ टक्के, १९४६ अखेर ३३ टक्के. हिटलरच्या युरोपातून सुटका हे या वाढीचे मोठे कारण. त्यातच १९३९मध्ये ब्रिटिशांनी पाच वर्षांसाठी ७५,००० स्थलांतरितांची मर्यादा घातली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ११ सदस्यांच्या समितीने १९४७मध्ये फाळणीचा आराखडा दिला, त्यात ज्यू राष्ट्रात ४ लाख ९८ हजार ज्यू आणि ४ लाख ७ हजार अरब दाखवले होते. हे ५५ टक्क्यांचे बहुमत. मात्र तळाशी एक ओळ होती, या भागात सुमारे ९० हजार बेदुइनही राहतात. ते धरले की ४ लाख ९८ हजारांसमोर ४ लाख ९७ हजार.

पुढे आमसभेने जाफा आणि नेगेव्हचा काही भाग अरब राष्ट्राकडे वळवला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी ठराव झाला, १० देश तटस्थ राहिले. समितीत संघराज्याची बाजू घेणाऱ्या भारताने विरोधात मत दिले. सुमारे ५५ टक्के क्षेत्र ज्यू राष्ट्राला मिळाले. ज्यू नेतृत्वाने ते स्वीकारले, अरबांनी नाकारले. त्यानंतरच्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनींची घरे सुटली. पुढच्या काळात अरब देशांतून निघालेले सुमारे ६ लाख ज्यू इस्रायलमध्ये आले.

छेदाचा खेळ सर्वात उघड दिसला तो २००० सालच्या कॅम्प डेव्हिडच्या वाटाघाटींत. इस्रायल वेस्ट बँक ५,५३८ चौरस किलोमीटरची धरत होते, पॅलेस्टिनी ५,८५४ची. तफावत ३१६ची. पूर्व जेरुसलेमचे ७१, लात्रूनजवळच्या ‘नो मॅन्स लँड’ पट्ट्याचे ५० आणि मृत समुद्राच्या पाण्याचे १९५ इस्रायलच्या बेरजेत नव्हते. त्यामुळे पॅलेस्टिनींना वेस्ट बँक देण्याचा, इस्रायलच्या हिशेबाने ९१ टक्के असलेला प्रस्ताव पॅलेस्टिनींच्या हिशेबाने ८६ टक्के होता. नकाशा एकच होता, जमीन इंचभरही हलली नव्हती. ‘एवढे देऊनही नाकारले’ आणि ‘एवढे दिलेच नव्हते’ ही दोन वाक्ये गेली २५ वर्षे या पाच टक्क्यांवर उभी आहेत.

माणसे मोजतानाही हेच होते. इस्रायलमध्ये सुमारे ७२ लाख ज्यू आणि २१ लाख अरब. वेस्ट बँक आणि गाझात सुमारे ५५ लाख पॅलेस्टिनी. पण पूर्व जेरुसलेममधले साडेतीन लाखांहून अधिक पॅलेस्टिनी दोन्ही सांख्यिकी कार्यालयांच्या गणतीत आहेत. एकदा वजा केल्यावर नदी ते समुद्र या पट्ट्यात दोन्ही समाज जवळपास बरोबरीत येतात. हे गाझा युद्धापूर्वीचे गणित. २०२४ अखेर गाझाची लोकसंख्या युद्धापूर्वीपेक्षा ६ टक्क्यांनी घटल्याचा पॅलेस्टिनी सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज आहे.

मान्यतेचा आलेख मात्र वर जातो आहे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आले आणि पॅलेस्टाईनला मान्यता देणारे देश १९३पैकी १५७ झाले, ८१ टक्के. इस्रायलला मान्यता देणारे सुमारे १६५. अंतर एक आकडी उरले आहे. भारताने पॅलेस्टाईनला १९८८मध्येच मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रसंघाचे पूर्ण सदस्यत्व मात्र सुरक्षा परिषदेत अडले. एप्रिल २०२४मध्ये १२ मते बाजूने पडूनही अमेरिकेच्या एका नकाराधिकाराने ठराव पडला.

जमिनीवरचा आलेख उलटा आहे. १९९५च्या करारात वेस्ट बँकेचे तीन भाग पडले. आज ‘अ’ १८ टक्के, ‘ब’ २२ आणि पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यातला ‘क’ ६०. पाच वर्षांपुरती केलेली ही विभागणी अजून चालू आहे. पहिल्या ऑस्लो कराराच्या वर्षी, १९९३मध्ये, पूर्व जेरुसलेम वगळून तिथे सुमारे १ लाख १० हजार इस्रायली वसाहतवासी होते, आज सुमारे ५ लाख आहेत. पीस नाऊ या इस्रायली संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२४मध्ये एकाच आदेशाने १२,७०० दुनम ‘सरकारी जमीन’ ठरली, ऑस्लो करारानंतरची ही सर्वात मोठी घोषणा.

ही जमीन सरकारी का ठरू शकते, तर कागद नाहीत म्हणून. सातबाऱ्यासारखी पक्की नोंद १९६७पर्यंत वेस्ट बँकेच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीचीच झाली होती. इस्रायलने ते काम १९६८मध्ये थांबवले. मे २०२५मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने ‘क’ भागात नोंदणी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर आहे. ज्या जमिनीवरचा दावा सिद्ध होणार नाही, ती सरकारजमा होईल.