दुखरा खांदा आणि ऐकू न येणारा आवाज

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात. मग त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढू लागतात. वाळूत पाय रोवून, अंग मागे झोकून ही ओढ बराच वेळ चालते. शेवटी मासळीची वाटणी होते, आणि बरोबर थोडे दुखणेही वाट्याला येते. कोणाच्या पाठीत उसण भरते, कोणाच्या पोटरीत गोळा येतो, कोणाचा हात खांद्याच्या वर जात नाही.

उसण, चमक, लचक, ठणका, कळ. दुखण्यासाठी मराठीत असे अनेक शब्द आहेत. उर्दूतही 'दर्द' वेगळा आणि 'टीस' वेगळी. पण नाव कोणतेही दिले, तरी आत नेमके काय झाले आहे हे त्यावरून कळत नाही. खांद्याचा स्नायू नुसता थकला असेल, तर दोन-चार दिवसांच्या विश्रांतीने तो बरा होतो. तो फाटला असेल आणि माणूस तसाच दोर ओढत राहिला, तर फाट वाढत जाते. नुकताच फाटलेला स्नायू तेल लावून जोराने चोळला, तर आतला रक्तस्रावही वाढू शकतो. बाहेरून मात्र दोन्ही खांदे सारखेच दिसतात. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

क्ष-किरणांच्या चित्रात हाडे छान दिसतात, पण स्नायू नीट दिसत नाहीत. स्नायू म्हणजे ज्याला तुम्ही उर्दूत 'अज़ला' म्हणता तो. तो पाहण्यासाठी डॉक्टर आवाजाची मदत घेतात. या तपासणीला आपण सोनोग्राफी म्हणतो.

आपल्या कानाला दर सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापेक्षा जास्त कंपनांच्या आवाजाला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. यांत्रिक होड्यांवर मासे शोधण्याचे यंत्र असते, ते तुम्ही पाहिले असेल. ते पाण्यात आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी, म्हणजे बाज़गश्त, परत येण्यास किती वेळ लागला ते मोजते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. मासळीचा थवा १५ मीटर खोल असेल, तर जाऊन-येऊन ३० मीटर होतात आणि प्रतिध्वनी एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. आपल्या शरीरातही मुख्यतः पाणीच आहे. त्यामुळे मांसातून आवाज जवळजवळ त्याच वेगाने, सेकंदाला सुमारे १,५४० मीटर, जातो. खांद्यातील एखादा भाग दीड सेंटिमीटर खोल असेल, तर प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागात परत येतो. खोली हजारपट कमी, वेळही हजारपट कमी. हिशेब तोच!

ही विद्या समुद्रातूनच दवाखान्यात आली असे म्हटले तरी चालेल. १८८० मध्ये फ्रान्समधील पिएर आणि जाक क्युरी या भावांना असे आढळले की, काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. वीज दिली की स्फटिक थरथरतो, हेही पुढे सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी अशा स्फटिकांचा उपयोग पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी केला. नंतर ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणारे यंत्र रोगतपासणीसाठी वापरून पाहिले आणि १९५८ मध्ये सहकाऱ्यांसह आपला लेख प्रसिद्ध केला. भेगा शोधणारे यंत्र माणसाच्या पोटावर ठेवून पाहणे, ही कल्पना मला फार धाडसाची वाटते.

आता तपासणी पाहू. डॉक्टर खांद्यावर थंड, बुळबुळीत जेल लावतात. ते औषध नव्हे. त्वचा आणि यंत्राचा हातात धरायचा भाग यांमध्ये हवा राहिली, तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. जेलमुळे ती हवा निघून जाते. खांद्यासाठी सेकंदाला एक कोटी किंवा त्याहून जास्त कंपनांचा आवाज वापरतात. पोटासाठी तीस ते पन्नास लाखांचा पुरतो. कंपने जितकी जास्त, तितके चित्र बारीक. पण आवाज तितका खोल जात नाही.

पडद्यावर निरोगी स्नायू काळपट दिसतो आणि त्यात पांढऱ्या बारीक रेघा असतात. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा पांढरी दिसते. काथ्याच्या दोरात धागे असतात, तसे तिचे तंतू शेजारी शेजारी असतात. फाट असेल तिथे हे धागे तुटलेले दिसतात. साचलेले रक्त किंवा पाणी काळे दिसते. डॉक्टर म्हणतात, "हात हळूहळू वर करा." हात हलत असताना आत कंडरा कशी सरकते, कुठे अडते, हे त्याच वेळी दिसते. मला या तपासणीचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र हात सरावलेला हवा. यंत्र जरा तिरपे धरले, तर चांगली कंडराही काळी दिसते आणि नवखा माणूस तिला फाटलेली समजतो. शिवाय हाडावर आदळून आवाज परत फिरतो, त्यामुळे हाडामागचे दिसत नाही. म्हणून पाठीच्या मणक्यांमधील गादी सरकली आहे का, हे पाहण्यासाठी एमआरआय ही दुसरी तपासणी लागते.

स्नायू आखडला आहे का, हे कसे कळणार? रापणीचा दोर आठवा. ढिल्या दोराला झटका दिला, तर लाट सावकाश जाते. ताणलेल्या दोरात ती झपाट्याने धावते. काही नवी यंत्रे स्नायूला आतून असाच सूक्ष्म झटका देतात आणि लाटेचा वेग मोजतात. वेग जास्त, तर स्नायू कडक. ही यंत्रे सगळीकडे नाहीत. जिथे आहेत, तिथेही त्यांचा उपयोग बहुधा यकृताचा कडकपणा मोजण्यासाठी होतो. २००९ मध्ये अमेरिकेत सिद्धार्थ सिकदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान-खांद्याच्या स्नायूतील दुखऱ्या गाठी तपासल्या. बाहेरून स्नायूला कंप दिला, तेव्हा या गाठी भोवतालच्या भागापेक्षा कमी हलल्या. बोटाला जी गाठ कडक लागते, ती पडद्यावरही वेगळी दिसली.

एक गोष्ट इथेच सांगतो. फिजिओथेरपीत दुखऱ्या भागावर फिरवतात ते यंत्रही श्राव्यातीत ध्वनीचेच असते. पण ते उपचारासाठी असते, त्यात चित्र दिसत नाही. उलट, चित्र काढल्याने दुखणे थांबत नाही.

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशा अर्थाची पाटी असते. खांदा दाखवायला आलेला माणूसही ती वाचतो. मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडण्याचे प्रकार वाढले, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्र सरकारने १९९४ मध्ये कायदा केला. या कायद्याखाली यंत्राची आणि केंद्राची नोंदणी करावी लागते. ते यंत्र कोणी सहज उचलून किनाऱ्यावर नेऊ शकत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. यंत्राला फाट दिसते, सूज दिसते, कडकपणाही मोजता येतो. दुखणे मात्र दिसत नाही. वयस्कर माणसांच्या खांद्यात कधी कधी फाट सापडते आणि त्यांना काहीच दुखत नसते. याउलट एखादा माणूस कळवळत असतो आणि चित्र स्वच्छ असते. अशा वेळी घरातले म्हणतात, "काही नाही, नाटक करतो." हे बोलणे बरोबर नाही. दुखणे खरे असते, फक्त ते आवाजाच्या पकडीत येत नाही. म्हणून डॉक्टर आधी विचारतात आणि हाताने तपासतात. साध्या पाठदुखीत तर बहुतेक वेळा कोणतेही चित्र काढावे लागत नाही. तुमच्या घरी कोणाला दवाखान्यात न्याल, तेव्हा दुखणे कोणत्या दिवशी आणि कोणते काम करताना सुरू झाले, कोणत्या हालचालीने वाढते, रात्री झोपमोड होते का, मधुमेह आहे का, हे सांगा. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. आणि पाठदुखीबरोबर पायातील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कोणत्याही चित्राची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.